एका साखळीचा प्रश्न

टेंपो साइटवर येतो. मागची फळी खाली पडते आणि जमिनीवर एक जुना टायर टाकला जातो. वर उभा असलेला मुलगा काळी टाकी कडेपर्यंत लोळवत आणतो आणि सोडून देतो. टाकी टायरवर आदळते, उसळते, बाजूला गडगडत जाते. खालचा गडी तिला पायाने थांबवतो. अशा दहा-बारा टाक्या पाच मिनिटांत उतरतात. मग कुणीतरी एका हातात एक अशा दोन टाक्या तिरप्या करून, तळाच्या कडेवर फिरवत कामाच्या जागी नेतो आणि भिंतीला टेकवून ठेवतो. पुलाचे काम असो, फॅब्रिकेशनची शेड असो, गॅरेज असो की गाळप हंगामाआधीची साखर कारखान्यातली दुरुस्ती, हे दृश्य सगळीकडे सारखेच. ते इतके रोजचे झाले आहे की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येत नाही. खरे तर यायला हवा.

या टाकीच्या आत काय आहे ते पाहू. कापकामासाठी वापरल्या जाणाऱ्या ऑक्सिजनच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये सुमारे ४७ लिटर जागा असते. तेवढ्या जागेत साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७ हजार लिटर, वायू कोंबलेला असतो. दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो. मोटारीच्या टायरमधला दाब दोन-सव्वादोन किलो असतो आणि स्वयंपाकघरातला कुकर जेमतेम एका किलोला शिट्टी देतो. कुकरची शिट्टी अडकली तर आपण गॅस बंद करून चार पावले मागे सरकतो. साइटवर त्याच्या दीडशेपट दाबाच्या भांड्यावर माणसे बसून डबा खातात.

ही साठलेली ऊर्जा किती? साधा हिशेब केला तर ती दहा टनांचा ट्रक ताशी साठ किलोमीटरने धावत असताना त्याच्यात जेवढी गतिज ऊर्जा असते, जवळपास तेवढी भरते. ट्रकला ब्रेक असतो, चालकाला परवाना लागतो आणि रस्त्यावर पोलीस उभा असतो. टाकीला फक्त एक व्हॉल्व्ह असतो.

आणि अडचण तिथेच आहे. सिलिंडरचे अंग जाड पोलादाचे असते, ते सहसा फुटत नाही. पण मानेवरचा व्हॉल्व्ह पितळेचा, मनगटाएवढाही जाड नसलेला, आणि टाकी आडवी पडली की नेमका तोच कुठल्या तरी कोपऱ्यावर, दगडावर, गर्डरवर आदळण्याची शक्यता असते. तो मोडला आणि एक सेंटिमीटर व्यासाचे भोक उघडे पडले, तरी बाहेर पडणाऱ्या वायूचा उलटा रेटा सव्वाशे-दीडशे किलोच्या घरात जातो. टाकीचे स्वतःचे वजन साधारण ५५ ते ६५ किलो. म्हणजे ती आपल्या वजनाच्या दुपटीहून अधिक जोराने ढकलली जाते, आणि कुठल्या दिशेला ते कुणीच सांगू शकत नाही. विटांच्या भिंतीचीही मग तिच्यापुढे खात्री देता येत नाही. इथे आग नको, ठिणगी नको. वायू जळणारा असण्याचीही गरज नाही. नायट्रोजनसारखा निरुपद्रवी वाटणारा वायूही हेच करतो.

टाकी पडते तरी किती सहज? उंची सव्वा ते दीड मीटर, तळ मात्र जेमतेम वीतभर. अशी वस्तू दहा अंशही न कलता तोल सोडते. ओढलेली रबरी नळी, मागे येणारा डंपर, खडबडीत जमीन, खांद्याचा नकळत लागलेला धक्का, यांपैकी काहीही पुरते. म्हणून जगभरातल्या सुरक्षा नियमांत एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा येते: टाकी उभी ठेवा आणि बांधा. साखळी टाकीच्या मध्याच्या वर, साधारण दोन तृतीयांश उंचीवर हवी, आणि ती हलणार नाही अशा आधाराला हवी. विजेच्या पाइपला नको, सुट्या परांचीच्या बांबूला नको, आणि चार टाक्या एकमेकींना सुतळीने बांधून तर मुळीच नको, कारण मग एक पडताना बाकीच्या तिघींना सोबत घेऊन पडते. टाकी वापरात नसताना व्हॉल्व्हवर टोपी घातलेली हवी. न्यायची असेल तर रेग्युलेटर काढून, टोपी लावून, साखळी असलेल्या ट्रॉलीवरून. आणि इतके करूनही टाकी पडू लागलीच, तर ती धरायला जायचे नाही. हा सल्ला पटायला सगळ्यात जड, कारण पडणारी वस्तू सावरायला हात आपोआप पुढे जातो. पण साठ किलोचे पोलाद पायावर किंवा पाठीवर घेण्यापेक्षा बाजूला उडी मारलेली बरी. स्फोटांच्या बातम्या होतात. चिरडलेली बोटे, मोडलेली पावले आणि कायमची धरलेली कंबर यांच्या होत नाहीत.

साइटवरची दुसरी टाकी बहुधा ॲसिटिलीनची असते. मरून रंगाची, कामगारांच्या भाषेत ‘डीए’ची. हिची गोष्ट वेगळी आहे. ॲसिटिलीन हा मुळातच अस्थिर वायू. मोकळ्या स्वरूपात त्याचा दाब वातावरणाच्या दुपटीच्या आसपास गेला, की हवा किंवा ऑक्सिजन नसतानाही तो स्वतःहून विघटित होऊन स्फोट करू शकतो. मग तो टाकीत भरायचा कसा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये तो ॲसिटोनमध्ये विरघळवण्याची युक्ती सापडली. ‘डीए’ म्हणजे ‘डिझॉल्व्ह्ड ॲसिटिलीन’, विरघळवलेला ॲसिटिलीन, ते यामुळेच. पण टाकीत रिकामी पोकळी राहिली की धोका तसाच राहत होता. स्वीडनचे अभियंते गुस्ताफ दालेन यांनी टाकी सच्छिद्र पदार्थाने ठासून भरण्याची पद्धत पक्की केली. त्या छिद्रांत ॲसिटोन, ॲसिटोनमध्ये वायू. दीपगृहांच्या दिव्यांसाठी केलेल्या कामाबद्दल त्यांना १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या टाक्यांची चाचणी घेत असताना स्फोट झाला आणि दालेन यांची दृष्टी गेली. पारितोषिक स्वीकारायला त्यांचा भाऊ गेला. तो स्वतः नेत्रवैद्य होता. या वायूला त्या काळी जगात सर्वांत चांगले ओळखणाऱ्या माणसाची ही कथा आहे. आपण तो वायू काल गावाहून आलेल्या हेल्परच्या हाती देतो आणि त्याला एवढेच सांगतो, ‘लाल पाइप इकडे, निळा तिकडे.’

टाकीच्या आत द्रव आहे हे कळले, की ती आडवी का ठेवायची नाही हे वेगळे समजवावे लागत नाही. आडव्या टाकीतून वायूबरोबर ॲसिटोनही नळीत येते, ज्योत बिघडते, रेग्युलेटर खराब होतो आणि टाकीतला द्रव कमी होत गेला की आतला वायू पुन्हा अस्थिर होऊ लागतो. टेंपोतून आडवी आलेली डीएची टाकी लगेच जोडू नये. बराच वेळ उभी ठेवून मगच वापरावी. व्हॉल्व्ह एक-दीड फेऱ्यापेक्षा जास्त उघडू नये आणि त्याची चावी टाकीवरच असू द्यावी. नळीने पेट घेतला, तर ती चावी मुकादमाच्या खिशात असून उपयोग नाही. ज्योत नळीतून मागे टाकीकडे धावू नये म्हणून बसवायचा फ्लॅशबॅक अरेस्टर मुठीएवढा असतो. कित्येक साइटवर तो नसतो किंवा असला तर बिघडलेला असतो. नळीवर क्लिपऐवजी पिळलेली तार मात्र हमखास असते.

तापलेल्या डीए टाकीचा आणखी एक दुर्गुण आहे. बाहेरची आग विझली तरी आत विघटन चालू राहू शकते आणि टाकी बऱ्याच वेळाने फुटू शकते. म्हणून अग्निशमन दलाचे जवान अशा टाकीवर दुरून, आडोशाने, दीर्घकाळ पाणी मारत राहतात. आग विझलेली पाहून टाकी उचलायला धावणारा माणूस आपला जीव धोक्यात घालत असतो.

ऑक्सिजनबद्दलचा गैरसमज याच्या उलट आहे. तो स्वतः जळत नाही, म्हणून तो सुरक्षित मानला जातो. पण तो इतर सगळ्याला जाळतो. दाबाखालच्या ऑक्सिजनला ग्रीस किंवा तेल भेटले की काडीची गरज उरत नाही. रेग्युलेटरचे आटे घट्ट झाले म्हणून तेलाचा थेंब सोडणारा फिटर सद्भावनेनेच घात करत असतो. उकाड्यात अंगावर ऑक्सिजनचा फवारा घेणे किंवा कपड्यांवरची धूळ त्याने उडवणे ही तर अनेक कारखान्यांतली जुनी खोड. कपड्यांच्या धाग्यांत तो वायू काही काळ भरून राहतो. तेवढ्यात ग्राइंडरची एक ठिणगी आली, तर साधा सुती शर्ट एरवी धुमसला असता तो भडकतो, आणि अंगावरून काढायला वेळ मिळत नाही. भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना या फरकाचा अर्थ सांगायला नको.

तिसरा प्रकार सर्वांत शांत. नायट्रोजन निखळ करड्या अंगाचा, अर्गॉन निळ्या टाकीतला. दोन्ही जळत नाहीत, दोन्हींना वास नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, १९.५ टक्क्यांच्या खाली काम करणे सुरक्षित मानले जात नाही. १० टक्क्यांच्या खाली माणूस झपाट्याने बेशुद्ध होतो. गुदमरल्याची जाणीव शरीराला मुख्यतः साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, ऑक्सिजन कमी झाल्याने नव्हे. श्वास तर नीट चालू असतो, त्यामुळे जीव घाबरा होत नाही, धडपड होत नाही. माणूस नुसता खाली बसतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत अर्गॉनची एक टाकी रात्रभर गळून रिकामी झाली, तर तिथला ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास येतो. तेच दूध संघाच्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीत वेल्डिंग करताना झाले तर परिस्थिती याहून बिकट, कारण तिथे जागा कमी आणि अर्गॉन हवेपेक्षा जड. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने १९९२ ते २००२ या काळातल्या नायट्रोजनने गुदमरण्याच्या घटना तपासल्या तेव्हा मृतांचा आकडा ८० निघाला. अशा घटनांत आत पडलेल्याला ओढायला धावलेला दुसरा माणूसही आतच राहतो, हे आपल्याकडे गटारांच्या मॅनहोलने वारंवार शिकवले आहे.

रंगांचा उल्लेख केला, पण नुसत्या रंगावर विसंबणे बरे नव्हे. रंग उडतो, कुणीतरी वरून दुसरा फासतो. २०२१ च्या करोना लाटेत तर नायट्रोजन आणि अर्गॉनच्या टाक्या साफ करून वैद्यकीय ऑक्सिजनसाठी वापरण्याची मुभा द्यावी लागली होती. गरज तशी होती. पण टाकीवरचे लेबल वाचणे आणि मानेजवळ ठोकलेली चाचणीची तारीख पाहणे याला पर्याय नाही. साधारण दर पाच वर्षांनी टाकीची पाण्याच्या दाबाखाली चाचणी व्हावी लागते. घरगुती गॅसच्या सिलिंडरवरचे ए, बी, सी, डी पाहायला आपण आता शिकलो आहोत; कामाच्या टाकीवरची तारीख कोण पाहतो? आणि घरगुती गॅसचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकू: लोखंड कापायला लावलेला १४.२ किलोचा लाल सिलिंडर हा नुसता अनुदानाचा गैरवापर नाही. त्यावरचा रेग्युलेटर, नळी, जोडणी यांपैकी काहीही त्या कामासाठी केलेले नसते.

मग कायदा काय करतो? कायदा आहे, आणि तो वाईट नाही. १८८४ च्या स्फोटके अधिनियमाखाली २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत आणि ते राबवणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. सिलिंडर घसरवणे, टाकणे किंवा त्यांच्याशी खेळणे निषिद्ध आहे, असे हे नियम सांगतात. ‘खेळणे’ हा शब्द त्यात खरोखरच आहे. टाक्या हलवताना ट्रॉली वापरा, व्हॉल्व्हला तेल लावू नका, ॲसिटिलीन उभेच ठेवा, भरलेल्या आणि रिकाम्या टाक्या वेगळ्या ठेवा, हेही आहे. टायरवर टाकी फेकणे ही चालीरीत नसून नियमभंग आहे, एवढे तरी यातून स्पष्ट व्हावे.

गोम आहे ती परवान्याच्या मर्यादेत. न जळणाऱ्या, विषारी नसलेल्या वायूंचे २०० पर्यंत आणि ॲसिटिलीनचे ५० पर्यंत सिलिंडर ठेवायला या नियमांखाली परवाना लागत नाही. प्रत्येक गॅरेजला नागपूरची मोहोर मागत बसणे शक्य नाही, म्हणून ही सवलत समजण्यासारखी आहे. पण तिचा परिणाम असा, की जिथे टाक्या शिस्तीत, छपराखाली, शिकलेल्या माणसांच्या हाती असतात त्या गोदामात निरीक्षक जातो. आणि जिथे दोन-चार टाक्या उन्हातान्हात, चिखलात, रोज नव्या माणसाच्या हाती पडतात तिथे कुणीच जात नाही. हाताळणीचे नियम परवान्याच्या आतल्या-बाहेरच्या सगळ्यांना लागू आहेत. पण दोन टाक्यांच्या साइटवर ते कधी तपासले जातात, असे कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का?

शिवाय जबाबदारी वाटून जिरते. पुरवठादार म्हणतो, आमचे काम टाकी पोहोचवण्यापुरते. मुख्य कंत्राटदार म्हणतो, कापकाम उपकंत्राटदाराकडे आहे. उपकंत्राटदार म्हणतो, हेल्पर नवा होता. टाकीला सर्वांत जास्त वेळ हात लावणारा माणूस तिच्याबद्दल सर्वांत कमी जाणतो, हे या साखळीचे शेवटचे टोक. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील नायर रुग्णालयात एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि यंत्राच्या चुंबकाने त्याला सिलिंडरसकट खेचून घेतले. त्यात त्याचा मृत्यू झाला. तो रुग्णालयाचा कर्मचारी नव्हता, रुग्णाबरोबर आलेला नातेवाईक होता. रुग्णालयही कामाची जागाच असते, आणि तिथेही टाकी ज्याच्या हातात होती त्याला ती तिथे काय करू शकते याची कल्पना नव्हती.

यावर उपाय महाग नाहीत, म्हणून तर चीड येते. साखळीसह एक लोखंडी स्टँड कोणत्याही फॅब्रिकेटरला स्वतःच अर्ध्या दिवसात बनवता येतो. ज्या माणसाचा धंदा लोखंड जोडण्याचा आहे त्याच्या टाकीला लोखंडी आधार नसावा ही गंमतच म्हणायची. पुरवठादारांनी टोपीशिवाय टाकी गोदामाबाहेर काढू नये आणि बांधायची सोय नसलेल्या ठिकाणी ती उतरवू नये. टेंपोला मागे उतरणारी फळी किंवा साधी घसरगुंडीची चौकट लावणे त्यांना जड नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका, सिंचन महामंडळे यांच्या निविदांत सुरक्षेचा खर्च ‘दरात समाविष्ट’ अशा एका ओळीत गडप होतो. तिथे ट्रॉली, स्टँड आणि फ्लॅशबॅक अरेस्टर या तीन बाबी वेगळ्या दरासह लिहिल्या, तर कनिष्ठ अभियंत्याला बिल मंजूर करताना त्या मोजाव्या लागतील. मोजलेली वस्तू साइटवर दिसते, हा आपल्या सरकारी कामाचा जुना अनुभव आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मोठ्या कारखान्यांच्या जोडीला एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांमधून नुसती एक फेरी मारली, तरी बांधलेल्या आणि न बांधलेल्या टाक्यांचा हिशेब एका दुपारी हाती येईल.

आणि हे सगळे वाचकांपासून दूर आहे असे नाही. गृहनिर्माण सोसायटीत जिन्याचे रेलिंग बसवणारा, वातानुकूलन यंत्राची तांब्याची नळी जोडणारा किंवा गच्चीवर पत्र्याची शेड उभारणारा माणूस याच टाक्या घेऊन फाटकातून आत येतो. त्या जिन्याखाली, मुले खेळतात तिथे किंवा दुपारच्या उन्हात ठेवायच्या नाहीत, उभ्या बांधायच्या आणि रात्री व्हॉल्व्ह बंद करून रेग्युलेटर काढून ठेवायचे, एवढे सेक्रेटरीने फाटकावरच सांगितले तर काम अडत नाही. गळतीची शंका आली तर काडी न ओढता साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे. आणि जिथे अशा टाक्या आहेत तिथे आग लागली, तर १०१ ला फोन करताना पत्त्याबरोबर टाक्या किती आहेत आणि त्यांत ॲसिटिलीनची आहे का, हे आधी सांगायचे. जवानांनी किती अंतरावर थांबायचे आणि आसपासची किती घरे रिकामी करायची, हे त्या उत्तरावर ठरते.